किनखाबाचे आठ तुकडे

अंबरनाथ (पूर्व)
९ जून २०२५

अक्का,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटावर टाकशील, असं धरूनच लिहितोय. फोन तू उचलत नाहीस आणि दारात यायची माझी हिंमत नाही. शिवमंदिराच्या मागच्या आमच्या बिल्डिंगपासून तुझ्या बदलापूरच्या मांजर्लीला रिक्षाने अर्धा-पाऊण तास. टपालाला चार दिवस. तेवढे चार दिवस मला बरे वाटतात.

आम्ही सगळे ठीक. अस्मिताचं पित्त सोडलं तर तक्रार नाही. तेजल पुण्याला नोकरीला लागली. माझं तेच, आनंदनगरचा टाक्या बनवायचा कारखाना आणि तीच क्रेन. छताखालच्या रुळांवर फिरते ती. मी वर केबिनमध्ये दोन लिव्हर धरून, आणि सगळी शेड खाली. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली.

पत्राला खास कारण नाही. महिनाभरापासून मी सकाळी व्यायामाला जातो, उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका बागेत. चिनी व्यायाम आहे. हसू नकोस. गाडीच्या कामासाठी तिकडे गेलो होतो, तर बागेच्या जाळीतून पंधरा-वीस माणसं दिसली. पाण्यात उभी असल्यासारखी हात हलवत होती. कुणाच्याच हाताला घाई नव्हती. मी गाडी बंद करून बघत राहिलो.

शिकवणारे मुकेशभाई पासष्टीचे आहेत, सिंधी. पडद्याच्या कापडाच्या धंद्यापायी चौदा वर्षं चीनमध्ये काढली. तिथे त्यांच्या बिल्डिंगखाली म्हाताऱ्या बायका रोज सकाळी हे करायच्या, त्यांच्या मागे उभं राहून शिकले. नाव 'बा दुआन जिन'. मुकेशभाई म्हणतात, "आठ टुकड़े किनखाब के. कपड़ेवाले को और कैसे समझाएँ?" आठ प्रकार, सगळे उभ्यानेच. श्वास घेत हात वर, श्वास सोडत खाली.

एक विचारायचं होतं. कारखान्यात माझ्याच वयाचा एक जण आहे. त्याचा हात थोडा हलतो. काम करताना नाही, नुसता मांडीवर ठेवला की. त्याने मला विचारलं आणि मला बाबा आठवले. बाबांचं कसं सुरू झालं होतं गं? कुठला हात आधी? किती दिवसांत वाढलं? तू जवळ होतीस, तुलाच ठाऊक. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

मित्रासाठी विचारतोय.

राजू

*

३० जून २०२५

अक्का,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. एवढंच समजून पुन्हा लिहितो.

आमचे चार प्रकार झाले. पहिल्यात दोन्ही हातांची बोटं गुंतवून आभाळ वर उचलायचं. तो मला जमतो, कारण उजवा हात डाव्याला ओढून नेतो. दुसऱ्यात धनुष्य ताणायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिथे गडबड होते. चौथा म्हणजे नुसती मान वळवून मागे बघणं. मुकेशभाई सांगतात, "जो पीछे छूट गया, उसको देखो और छोड़ दो." मला मागे बघितलं की गरगरतं.

काल त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "राजूभाई, तुम्हारा लेफ्ट हाथ सो रहा है क्या? बाकी सब पहुँच गए, वो अभी रास्ते में है." सगळे हसले, मीही हसलो. मग घरी येऊन बाथरूमची कडी लावली आणि आरशासमोर पन्नास वेळा धनुष्य ताणलं. अस्मिता दार वाजवून विचारायला लागली, बरं वाटत नाही का?

तिला मी काही बोललेलो नाही. म्हणजे, बोलण्यासारखं काही नाहीच.

पण गेल्या रविवारी गॅसवर सुकट जळत होती आणि मी तिथेच टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो. ती गच्चीवरून धावत आली. "अहो, तुम्हाला वास येत नाही का?" मी म्हटलं, पेपरात लक्ष होतं. अक्का, खरंच वास आला नाही. सुकटीचा. बाबांना वास यायचा का? तू एकदा म्हणाली होतीस, मोगरा नाकाशी धरला तरी ते काही बोलत नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्यावर रागावले असतील.

मित्राला घाई झाली आहे. तो रोज मला विचारतो.

तू माझ्याशी का बोलत नाहीस, ते मला माहीत आहे. २०१९ला पूर आला तेव्हा तू तळमजल्यावर बाबांना घेऊन एकटी होतीस आणि मी आलो नाही. त्याआधीच्या सहा वर्षांत मी दोनदा आलो. तू भरवलंस, पुसलंस, उचललंस. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू विहाराच्या पायरीवर मला म्हणालीस, "आता पुन्हा येऊ नकोस." मी आलो नाही. ती एकच गोष्ट तुझी ऐकली.

त्या दिवशी गाड्या बंद होत्या, अक्का. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

राजू

ता. क. अक्षर बारीक आलं आहे. पेन नवीन आहे.

*

२२ जुलै २०२५

अक्का,

आज जरा घाबरल्यासारखं झालं आहे म्हणून लिहितो. तू वाचत असशील तर वाच.

सतरा तारखेला कारखान्यात अपघात झाला. मला काही झालं नाही. खाली माल बांधणारा आमचा खलाशी आहे, कैलास. चौतीस वर्षांचा, ठेकेदाराकडचा. मी वर आणि तो खाली, अशी आमची पाच वर्षांची जोडी. तो हाताने खूण करणार आणि मी लिव्हर ओढणार, बोलायचं काम नाही. टाकीचं लोखंडी झाकण हलवत होतो. ते झुललं आणि त्याच्या पायावर आलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली. मी वरून बघितलं. शेडमध्ये एवढा आवाज असतो, तरी त्याचा आवाज वर आला.

रिपोर्टमध्ये आलं आहे की साखळी नीट बांधली नव्हती, म्हणून माल झुलला. शिफ्टचे साहेब हितेश म्हात्रे यांनी मला विचारलं, "राजूदादा, वरून काय दिसलं?" मी म्हटलं, माल झुलला. ते म्हणाले, "म्हणजे गाठ हलली." मी काही बोललो नाही. त्यांनी लिहिलं, मी सही केली. सही करायला वेळ लागला. त्यांना वाटलं, धक्का बसलाय. पाणी दिलं मला.

ठेकेदाराने कैलासचं नाव काढून टाकलं. स्वतःच्या हयगयीने पडलेला माणूस, कंपनी काय करणार, असं सगळे म्हणतात.

माझी काही चूक नाही. माल झुलला, हे खरंच आहे.

आठही प्रकार शिकून झाले. आता दिवसातून तीनदा करतो. सकाळी बागेत, दुपारी क्रेन चढण्याआधी लॉकररूममध्ये आणि घरी आल्यावर. सातव्यात घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं, डोळे वटारायचे आणि मूठ आवळून पुढे न्यायची. आठव्यात टाचा उचलून सात वेळा धपकन खाली टेकायच्या. मुकेशभाई म्हणतात, त्याने सगळे आजार पायांतून जमिनीत जातात. मी त्यांना विचारलं, सगळे म्हणजे कुठले? ते म्हणाले, "बूढ़ी औरतें ऐसा बोलती थीं. मैं डॉक्टर नहीं हूँ. तुमको क्या हुआ है?" मी म्हटलं, काही नाही, सहज.

सात वेळा सांगितलंय, मी एकवीस वेळा करतो. टाचा सुजल्या आहेत.

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं आहे. मी जातो, पण मागे बसतो, हात सतरंजीखाली ठेवून.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

राजू

*

५ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. इथे उतरवून ठेवतो, कारण कार्ड मी सारखं खिशातून काढतोय आणि ते फाटेल.

'मित्राचा म्हणतोस तो हात तुझा आहे. पहिलं पत्र नीट होतं, तिसरं भिंगातून वाचावं लागलं. बाबांचं अक्षरही असंच मुंगीएवढं होत गेलं. त्यांचा डावा हात आधी. वास त्याच्याही आधी गेला. डॉक्टरकडे जा. सतरा तारखेचं जे लिहिलं नाहीस, ते लिही. गया.'

लिहितो.

माझा डावा. जानेवारीपासून. आधी करंगळी आणि अंगठा, मग सगळा पंजा. केबिनमध्ये एकटाच असतो म्हणून कुणाला दिसलं नाही. लिव्हर धरला की थरथर थांबायची, म्हणून मी स्वतःला सांगत राहिलो की कामाला धोका नाही. पण गेले दोन-तीन महिने दुसरंच होत होतं. हात हलायचा नाही, अडकायचा. मी म्हणायचो सोड, आणि तो थोड्या वेळाने सोडायचा. मला वाटलं, बागेतले आठ प्रकार पुरते अंगात मुरले की तो वेळेवर येईल. मी त्यावर पैज लावून बसलो होतो. माझी एकट्याची पैज असती तर गोष्ट वेगळी.

सतरा तारखेला कैलासने मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब. मला मूठ स्वच्छ दिसली, अक्का. त्याच्या हातमोज्याला भोक होतं, तेही दिसलं. मी हाताला म्हटलं, सोड. लिव्हर सोडला की क्रेन आपोआप थांबते. हाताने सोडला नाही. एक सेकंद, फार तर दीड. उजव्या हाताने मी डाव्याची बोटं उचलून काढली. तोवर झाकण त्याच्या पायावर गेलं होतं. साखळी शेवटपर्यंत घट्ट होती.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला सांगितलं.

सांगितलं तर काय होईल ते रोज मोजतो. दोन वर्षं राहिली आहेत. काढून टाकतील. पोलीसही येतील कदाचित. तेजलच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलाकडच्यांना कळेल की हे घराण्यात आहे. अस्मिता मला भरवेल. सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आणि नाही सांगितलं तर उद्या पुन्हा शिडी चढून वर जायचं आहे. कैलासच्या जागी नवीन खलाशी आला आहे, बावीस वर्षांचा. तो खालून मला हात दाखवतो आणि हसतो. अठरा तारखेपासून मी माल माणसाच्या उंचीवर आणतच नाही, दोन फूट वरच थांबवतो. तो ओरडतो, "दादा, और नीचे!" माझा शर्ट भिजलेला असतो.

डॉक्टरची वेळ घेतली आहे, कल्याणला, अकरा तारखेची. अस्मिताला आज सांगतो. हे पत्र टाकलं की लगेच सांगतो.

राजू

*

१४ ऑगस्ट २०२५

अक्का,

एकेक सांगतो, नाहीतर गोंधळ होईल.

अस्मिताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मला मे महिन्यापासून माहीत आहे. तुम्ही झोपलात की थांबतो. मी बघत बसते." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

कल्याणच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. अंगठा आणि बोट टिचकीसारखं उघडमीट करायला लावलं, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायला लावलं. म्हणाल्या, "चालताना तुमचा डावा हात हलतच नाही, लक्षात आलंय का कधी?" पार्किन्सन आहे. बाबांचंच. पण बाबांकडूनच आलं असं नाही, बहुतेकांना घरात कुणाला नसतानाही होतं, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतं. मी चिनी व्यायामाचं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, अजिबात सोडू नका, तोल राहायला चांगला आहे. फक्त गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांसोबत.

मग विचारलं, "काम काय करता?"

"कारखान्यात आहे."

"कारखान्यात काय?"

अस्मिता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "क्रेन चालवतो." बाईंचं पेन थांबलं. "आजही?" मी म्हटलं, "आज सुट्टी टाकली आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "उद्यापासून चढायचं नाही. मी लिहून देते. पण हा कागद खिशात ठेवलात तर मी काही करू शकत नाही, काका."

दुसऱ्या दिवशी तो कागद खिशात घालूनच मी बागेत गेलो. पावसामुळे सगळे शेडखाली होते. व्यायाम झाल्यावर मुकेशभाईंना बाजूला घेऊन दाखवला. क्रेनचं सांगितलं, कैलासचं सांगितलं. ते कठड्यावर बसलेच. म्हणाले, "तीन महीने से मेरे सामने खड़े हो. मैंने पूछा, क्या हुआ है, तुमने बोला कुछ नहीं. मैंने तुमको हाथ उठाना सिखाया, छुपाना कब सिखाया?" आवाज चढला. मागच्या बायका बघायला लागल्या. मग हळू बोलले, "अभी फैक्टरी जाओ. कल मत आना जब तक बोल के नहीं आते."

मी घरी न जाता आनंदनगरला गेलो, पण गेटवरून परत फिरलो. खोटं कशाला सांगू. चहाच्या टपरीवर तासभर बसलो. सेकंड शिफ्टची माणसं आत जाताना दिसली, त्यांत तो बावीस वर्षांचा. मी कामावर नाही असं कळलं की माझ्या जागी दुसरा चढेल आणि काहीच होणार नाही. असा विचार केला. म्हणजे आजपुरतं टळेल. उद्या? त्या दिवशी मी टपरीवरूनच घरी आलो.

काल, तेरा तारखेला गेलो. म्हात्रे साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो.

"साहेब, सतरा तारखेला साखळी बरोबर होती."

त्यांना आधी लागलाच नाही संदर्भ. मग म्हणाले, "राजूदादा, ते कागद वर गेले. झालं ते झालं. तुमची दोन वर्षं राहिलीत, कशाला उकरून काढताय? गप बसा ना."

"सत्तावीस दिवस गपच बसलोय."

मी डावा हात त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या मोबाईलच्या शेजारी. ठेवल्या ठेवल्या तो सुरू झाला. काचेवर बोटांची टकटक यायला लागली. मी थांबवला नाही. डॉक्टरांचा कागद काढून दिला. साहेब त्या हाताकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, "आयला, दादा. तुमच्या मालाखालून मी रोज जातो."

मग त्यांनी फोन केला आणि क्रेनची चावी मागून घेतली. बारा वर्षं माझ्याकडे होती ती. कड्यातून ती मला निघेना. साहेबांनीच काढली.

आता चौकशी बसेल. निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. काय होईल माहीत नाही. झोप लागत नाही. पण एक गोष्ट सांगतो, आज शिडी चढायची नव्हती, आणि बऱ्याच महिन्यांनी मी पोटभर चपाती खाल्ली.

राजू

*

३ सप्टेंबर २०२५

अक्का,

चौकशी झाली. मोठ्या साहेबांनी खूप सुनावलं. आजार लपवला, खोट्या रिपोर्टवर सही केली, दुसऱ्याला अडकवलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. काढलं नाही, पण क्रेन कायमची बंद. कडक ताकीद फाईलला लागली आणि मला हत्यारांच्या स्टोअरला टाकलं. खिडकीत बसून पाने, हातोडे द्यायचे आणि लिहून घ्यायचे. कारखान्यातली काही माणसं खिडकीपाशी येतात, बोलत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. कैलासचा रिपोर्ट बदलला. दवाखान्याचं कंपनी बघते आहे, पाय बरा झाला की परत घेणार असं लेखी दिलं आहे.

रविवारी मी त्याच्याकडे गेलो, बुवापाड्याला. बायकोने दार उघडलं. तिने मला ओळखलं आणि आत गेली. कैलास भिंतीला टेकून बसला होता, पाय उशीवर. मी त्याला सगळं सांगितलं, मूठ दिसली होती तेही. माफी मागितली.

तो म्हणाला, "दादा, पायाचं मला फारसं नाही वाटत. पाय जुळतोय. पण महिनाभर मला वाटत होतं, माझीच गाठ सुटली. मी पलंगाच्या दांड्याला सुतळी बांधून बघायचो. बांधायची, सोडायची, परत बांधायची. कुठे चुकलो ते बघायला. बायकोला म्हटलं, मला काम येत नाही, मी दुसरं काहीतरी बघतो. ते तुम्ही मला कसं परत देणार?"

मी उठलो.

"आता जा," म्हणाला. "राग गेला की सांगेन. नाही गेला तर नाही सांगणार." त्याच्या बायकोने चहा आणला होता, तो तसाच राहिला.

बागेत पुन्हा जातो. मुकेशभाईंनी मला पुढच्या रांगेत घेतलं आहे, सगळ्यांना दिसेल असं. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धनुष्य ताणताना डावा मागे राहिला, तर ते म्हणाले, "उसको मत खींचो. राइट को बोलो, रुक. दोनों साथ में पहुँचेंगे." आता मी उजवा हात मधे थांबवतो आणि डाव्याची वाट बघतो. गोळ्यांनी फरक आहे. व्यायामाने बरा होईन असं आता म्हणत नाही. सकाळचा तेवढा अर्धा तास भीती वाटत नाही, एवढं खरं.

आता पुराचं.

गाड्या बंद होत्या हे खरं. पण दुपारनंतर हायवेने माणसं चालत बदलापूरला जात होती. आमच्या बिल्डिंगमधून दोघं गेले. मला चल म्हणाले होते. तुझे अकरा फोन आले, मी मोजले. मी घरीच होतो. फोन उशीखाली ठेवून त्या उशीवर बसलो होतो. अस्मिता माहेरी होती, तिलाही हे माहीत नाही.

मी पाण्याला भ्यालो नाही, अक्का. बाबांच्या हाताला भ्यालो. त्याआधी आलो होतो तेव्हा त्यांनी माझ्या गालाला हात लावला होता आणि तो गालावर थडथड आपटत राहिला. त्यांना काढून घेता येईना. मी उठून गॅलरीत गेलो. तो हात पुन्हा बघायला लागू नये म्हणून मी आलो नाही. आधीची सहा वर्षं, आणि त्या दिवशीसुद्धा.

आजारी आहे म्हणून माफ कर, असं म्हणत नाही. आजारी नसतो तरी हे सांगायचं होतंच. फक्त मग सांगितलं नसतं.

राजू

*

मांजर्ली, बदलापूर (प.)
८ सप्टेंबर

राजू,

जयभीम. सगळी पत्रं वाचली. पहिलं आलं त्याच दिवशी फोडलं होतं, कपाटावर टाकलं नव्हतं.

तुझं ते फोन उशीखाली ठेवल्याचं वाचून मी पत्र घडी घालून बाहेर गेले. नदीपर्यंत चालत जाऊन आले. राग आला होता. अजून आहे. तो लगेच जाईल असं समजू नकोस. कैलास बरोबर बोलला.

पण तू लिहिलंस म्हणून मीही एक लिहिते. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. पुराच्या वेळी ते गावी होते; पुढे वारले, पण मी सांगितलं नाही.

पाणी चढलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांच्या गयावया करून मी बाबांना त्यांच्याकडे नेलं. दोन मुलांनी खुर्चीसकट उचललं. परक्याचं घर, नवीन सोफा, नऊ माणसं. बाबांचा हात थांबेना. त्यांनी पाण्याचा ग्लास सांडला, मग डाळ सांडली, त्या घरच्या बाईंच्या पोथीवर. बाई काही बोलल्या नाहीत, पण मला मेल्याहून मेलं झालं. मी ओढणी घेतली आणि बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधला. घट्ट. त्यांनी माझ्याकडे बघितलं. का, असं विचारलं नाही. 'गया, बरोबर केलंस' असं म्हणाले.

तो हात सकाळपर्यंत तसाच होता. पाणी तर संध्याकाळीच ओसरायला लागलं होतं. तुला फोन केले ते पाण्यासाठी नव्हते. तू येशील, हे बघशील, माझ्यावर ओरडशील आणि गाठ सोडशील असं मला वाटत होतं. माझ्याने सोडवत नव्हती. सोडली की परत सांडणार होतं.

सहा वर्षं तुझ्यावर राग धरला, त्यातला थोडा माझा होता. किती ते मला सांगता येणार नाही.

आता कामाचं. अस्मिताला सांग, भरवायची वेळ यायला पुष्कळ वर्षं आहेत. आणि आलीच तर कसं भरवायचं ते मला येतं, मी तिला दाखवीन. बटणांचे शर्ट बंद कर. गोळीच्या वेळेला डाळ-अंडी नको, जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घे. डॉक्टरीणबाईंना विचारून घे, मी बाबांच्या वेळचं सांगते आहे. तेजलच्या होणाऱ्या सासरच्यांना आधीच सांगून टाका.

रविवारी, चौदा तारखेला सकाळी येते. आधी मला त्या बागेत ने. मी व्यायाम करणार नाही, बाकावर बसेन. मुकेशभाईंना सांग, माझे गुडघे गेलेत. मग तुझ्या घरी.

चहा करशील तेव्हा बाबांसारखा अर्धा कप घेऊन माझ्यासमोर बसू नकोस. पूर्ण भरून घे. सांडला तर पुसू.

गया